विनोबांची आई : मातोश्री रुक्मिणीबाई भावे

श्रीक्षेत्री दर्शनास येणारी बहुतेक कुटुंबे लहान मुलाबाळांना बरोबर घेऊन येतात. गाभाऱ्यासमोर आल्यावर मुलाचे दोन्ही हात जोडून देणारी, त्याच्या मुठीत फूल किंवा नाणे ठेवून ते देवापुढे वाहावयास लावणारी बहुधा त्याची आईच असते. देणे ही पहिली गोष्ट मूल तेथे शिकते. भूदानाच्या पवित्र कार्यासाठी अवघा भारत पायी हिंडलेले आचार्य विनोबा भावे यांच्या जीवनाचा उगमही अशाच एका आईच्या घरात सापडतो. तिच्या नावावर ग्रंथ नाही, संस्था नाही. तिचे चरित्र मुख्यतः विनोबांनी पुढे आपल्या प्रवचनांतून सांगितलेल्या आठवणींतूनच आपल्यास कळते.

तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात गागोदे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे दिनांक ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायकाचा, म्हणजेच पुढील काळातील विनोबांचा जन्म झाला. वडील नरहरपंत हे रंगकामाचे जाणकार असून नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. त्यामुळे मुलांची आरंभीची वर्षे गागोद्यास आजोबा व आई यांच्या सहवासात गेली. आजोबा शंभुराव हे थोर शिवभक्त होते. त्यांची पूजा कित्येक तास चाले. एकदा पूजेच्या वेळी देवाच्या मूर्तीवर विंचू चढला, तेव्हा घरातील मंडळी घाबरली. परंतु देवाच्या आश्रयास आलेल्याला कोणी हात लावावयाचा नाही, असे सांगून शंभुरावांनी पूजा शांतपणे चालू ठेवली आणि विंचू आपल्या वाटेने निघून गेला. अशा घरात रुक्मिणीबाई सून म्हणून नांदत होत्या. त्यांचे माहेर कर्नाटकातील. मराठी संतांच्या अभंगांबरोबर कानडी भजनेही त्यांच्या मुखी असत. शालेय शिक्षण मात्र त्यांना फारसे लाभलेले नव्हते.

सकाळी विनायक खावयास मागू लागला, की तुळशीला पाणी घातलेस काय, एवढेच आई विचारी. घातले नसेल तर आधी तुळशीला पाणी आणि मग मुलाच्या पानावर अन्न, असा तिचा नेम होता. या नेमाला अपवाद नव्हता आणि त्यावर व्याख्यानही नव्हते. आपल्याआधी दुसऱ्या कोणाची तरी तहान भागली पाहिजे, ही जाणीव मुलाला त्यातून मिळाली. आईने दूध दिले, अन्न दिले, आजारपणात रात्री जागविल्या, हे सर्व खरेच. पण हा संस्कार दिला, ते तिचे सर्वांत मोठे देणे, असे विनोबा पुढे म्हणत.

लहानपणी एकदा विनायकाला भिंतीवर एक प्रचंड आकृती दिसली आणि तो भिऊन आईकडे धावला. ती त्याचीच सावली होती. आईने त्याला हसून टाळले नाही, की भित्रा म्हणून हिणविले नाही. तो तुझा गुलाम आहे, तू बसलास की तो बसेल, तू उठलास की तो उठेल, करून पाहा, असे तिने सांगितले. मुलाने तसे करून पाहिले आणि त्याची भीती गेली. भुताखेतांच्या बाबतीतही तिचा उपाय असाच साधा होता. देवाच्या भक्ताला भूत कधी त्रास देत नाही. तरी भय वाटलेच तर हाती कंदील घ्यावा आणि रामनाम म्हणावे. नामस्मरणाबरोबर कंदीलही घ्यावयास सांगणारी ही माऊली किती व्यवहारी होती, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

आणखी एका प्रसंगी हातातील काठी घराच्या लाकडी खांबावर आपटीत विनायक खेळत होता. आईने त्याला थांबविले. खांबही भगवंताचेच रूप आहे, त्याला उगाच का मारावयाचे, असे तिने विचारले. निर्जीव खांबाविषयी ही भावना शिकलेले मूल सजीवाशी कसे वागेल, हे निराळे सांगावयास नको.

एका दिवाळीला वडील बडोद्याहून गागोद्यास येणार होते. ते मिठाई आणतील, असे मुलांना सांगितले गेले होते. वडिलांनी पुडके हाती दिले, पण ते मिठाईच्या खोक्यासारखे नव्हते. ते चपटे होते. उघडून पाहिले तर आत मुलांसाठीची रामायण-महाभारताची पुस्तके होती. विनायक ती घेऊन आईकडे गेला. वडिलांनी आणली याहून चांगली मिठाई असूच शकत नाही, असे आईने सांगितले आणि सांगताना तिचे डोळे भरून आले. मुलाची निराशा क्षणात मावळली. वडिलांनी दिलेल्या वस्तूचे मोल मुलाच्या मनात ठसविण्याचे काम घरात बहुधा आईच्याच वाट्यास येते, आणि ती त्या वेळी नाक मुरडती तर पुस्तके कोनाड्यात पडून राहिली असती.

गागोद्याच्या घरात एक अंध गृहस्थ राहत. मुले त्यांना काका म्हणत. घरातील वडीलधाऱ्यांप्रमाणेच त्यांची सर्व उठबस होत असे आणि त्यांना काय हवे, काय नको, ते रुक्मिणीबाई जातीने पाहत. पुढे कुटुंब बडोद्यास राहावयास गेल्यावर एके दिवशी काका वारल्याचे पत्र आले. आप्त निवर्तल्याची वार्ता आली म्हणजे स्नान करण्याची घरात रीत होती. या वेळी मात्र कोणी स्नान केले नाही. विनायकाने आईला कारण विचारले, तेव्हा त्याला प्रथमच कळले की, ते काका नात्याचे नव्हतेच. निराधार म्हणून आश्रयाला राहिलेला तो एक परका मनुष्य होता. इतकी वर्षे त्याची सेवा करीत असता आपण परोपकार करीत आहोत, असा एक शब्दही आईने मुलांपुढे काढला नव्हता.

घरच्या फणसाच्या झाडाला फळ धरले, की मुले ते कापण्याची वाट पाहत. फणस कापला जाई. परंतु पहिले गरे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी मुलांच्याच हातून पोचविले जात आणि त्यानंतर मुलांच्या वाट्याला येत. जो देतो तो देव होतो आणि जो आपल्यापाशीच ठेवतो तो राक्षस होतो, असे आई मुलांना समजावी. द्रोणात गरे घेऊन घरोघर जाणाऱ्या त्या मुलांपैकीच एक जण पुढे भूमिहीनांसाठी जमीन मागावयास दारोदार गेला. या दोन गोष्टींतील धागा विनोबा स्वतःच उलगडून दाखवीत.

शेजारच्या एका घरातील गृहिणी परगावी गेली असता रुक्मिणीबाई त्या घरचा स्वयंपाक करून देत. त्या आधी आपल्या घरचे सर्व उरकीत आणि मग शेजारी जात. चौकस विनायकाला यात खोट दिसली. आधी आपला आणि मग दुसऱ्याचा स्वयंपाक, हा स्वार्थच नव्हे काय, असे त्याने आईला सरळ विचारले. तिने शांतपणे उत्तर दिले की, शेजाऱ्याचा स्वयंपाक पहाटेच करून ठेवला, तर त्याच्या जेवणाच्या वेळेपर्यंत तो निवून जाईल. त्याला गरम अन्न मिळावे म्हणून आपण मागाहून जातो.

वडिलांच्या इच्छेवरून बडोद्याच्या घरी एखादा गरीब विद्यार्थी जेवावयास असे. आदल्या दिवसाचे अन्न उरले तर आई ते स्वतः खाई, अधिक असेल तर विनायकाला वाढी. विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे व गरम अन्न मिळे. सर्वांना समान लेखावे असे तू सांगतेस आणि वाढताना भेद करतेस, अशी तक्रार मुलाने केली. ती आईने नाकारली नाही. तू मला अजून माझा मुलगा वाटतोस आणि तो विद्यार्थी परमेश्वराचे रूप वाटतो. ज्या दिवशी तूही तसाच वाटू लागशील, त्या दिवशी हा भेद राहणार नाही, असे ती म्हणाली. आपल्या मनात पुत्रमोह आहे हे दहा-बारा वर्षांच्या मुलापुढे मान्य करावयास फार मोठे मन लागते. आईबापांना मुलाने उलट प्रश्न विचारणे त्या काळी उद्धटपणाचे मानले जाई. या घरात तो मानला गेला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

दानाविषयीचा असाच एक प्रसंग देणगीदार भाविकांनी मुद्दाम ध्यानी घ्यावा असा आहे. एकदा दारी एक धडधाकट भिकारी आला. आईने त्याला भिक्षा घातली. अशांना देण्याने आळस वाढतो, दान हे सत्पात्रीच असावे, असे तरुण विनायकाचे म्हणणे पडले आणि त्याने गीतेचाही आधार दिला. आईचे उत्तर असे होते की, पात्र कोण व अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण? जो दाराशी आला तो देव समजून यथाशक्ती द्यावे, इतकेच आपल्या हाती आहे. विनोबा पुढे श्रमाचे कट्टर पुरस्कर्ते झाले, तरी आईच्या या उत्तराचे खंडन आपल्याला सापडलेले नाही, असे ते सांगत.

रुक्मिणीबाईंची देवपूजा दुपारी होई. सर्वांची जेवणे उरकून, घरकाम आटोपून त्या देवापुढे बसत. पूजा झाली की दोन्ही हातांनी कान धरून अनंतकोटी ब्रह्मांडांच्या नायकापाशी आपल्या अपराधांची क्षमा मागत आणि त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहू लागत. असे अश्रू रोजच्या रोज येणे हे भक्तीवाचून शक्य नाही, असे विनोबांनी नमूद केले आहे. पोथ्यापुराणांच्या अध्ययनाने जे मिळाले नाही ते त्या दर्शनाने मिळाले, असे त्यांना वाटे. दुधाला विरजण लावतानाही त्या देवाचे नाव घेत. विरजणाला देव कशाला हवा, असे मुलाने विचारता, आपण आपल्याकडून सर्व नीट करावे, परंतु दही लागते ते त्याच्या कृपेने, असे उत्तर मिळे. स्वयंपाक करताना भजनात त्या इतक्या रमून जात की, कधी आमटीत मीठ दोनदा पडे, तर कधी पडतच नसे. नैवेद्य व सर्वांची जेवणे होईपर्यंत त्या चव पाहत नसत, म्हणून चूक ध्यानातही येत नसे. पानात पडेल ते न बोलता खावे, असा विनायकाचा नियम होता. तो जेवून उठे आणि पुढे स्वतः जेवावयास बसल्यावर आईला ते कळे.

एकदा त्यांनी देवाला एक लाख अक्षता वाहण्याचा संकल्प केला. रोज अखंड तांदूळ निवडून, एकेक दाणा मोजून त्या वाहत. नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. एक तोळा तांदूळ मोजून घ्यावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे अधिक घालावे, म्हणजे वेळ वाचेल, असे त्यांनी सुचविले. रुक्मिणीबाईंना यावर काय बोलावे ते सुचेना. संध्याकाळी त्यांनी विनायकालाच विचारले. हा गणिताचा प्रश्न नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून एकेक मोजावयाचा, असे तो म्हणाला. आईला अत्यंत समाधान झाले आणि तिने ते उत्तर पतीच्या कानी घातले. भावे कुटुंबात शिकवण अशी दोन्ही दिशांनी वाहत होती.

विनायकाने बालवयातच आजन्म ब्रह्मचर्याचा निश्चय केला, तोही आईच्या संस्कारातूनच. उत्तम गृहस्थाश्रमाने एका कुळाचा उद्धार होतो, तर ब्रह्मचर्याने बेचाळीस कुळांचा, असे ती सांगे. आपण पुरुष असतो तर वैराग्य काय असते ते दाखवून दिले असते, असेही ती कधी बोलून जाई. या उद्गारात तिच्या मनातील एक अपुरी राहिलेली आकांक्षा दिसते. मुलांकडे ती वारशाने आली.

वैराग्याची ही शिकवण आईला स्वतःला किती महाग पडणार आहे, हे लवकरच दिसून आले. एकदा विनोबा चुलीजवळ आईशेजारी बसून कागदांची गुंडाळी जाळीत होते. काय जाळतोस, असे तिने विचारले. ती त्यांची परीक्षांची प्रमाणपत्रे होती. आज नको असली तरी ठेवावयास काय हरकत आहे, असे आईने म्हणून पाहिले. परंतु ती पुन्हा कधी लागणारच नाहीत, असे मुलाने सांगितले. दिनांक २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जावयास निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले, घरी पत्र धाडले आणि काशीला गेले. तेथून त्याच वर्षी ७ जून रोजी ते अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात महात्मा गांधींना भेटले. पुढे बाळकोबा व शिवाजी हे दोघे धाकटे बंधूही त्याच मार्गाने गेले आणि तिघेही आजन्म ब्रह्मचारी राहिले. जिने त्यागाचे महत्त्व शिकविले, तिचेच घर रिते झाले. संतचरित्रे सांगताना ही बाजू पुष्कळदा झाकली जाते. ती झाकण्याचे कारण नाही.

सन १९१८ मध्ये देशभर इन्फ्लुएंझाची भयंकर साथ पसरली. बडोद्याच्या घरी आई, वडील व सर्वांत धाकटा भाऊ दत्तात्रेय हे तिघेही अंथरुणास खिळले. गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा घरी आले. वडील वाचले, आई आणि दत्तात्रेय गेले. दिनांक २४ ऑक्टोबर १९१८ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी रुक्मिणीबाईंनी देह ठेवला. आपण स्वतः मंत्र म्हणून आईचे अंत्यसंस्कार करावेत, भाडोत्री भिक्षुक नको, असा विनोबांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, तेव्हा ते स्मशानात न जाता घरीच बसून राहिले. त्याच दिवशी त्यांनी वेदाध्ययनास आरंभ केला. एक आई गेली, म्हणून वेदमातेच्या पदरी गेलो, असे ते पुढे सांगत.

आश्रमात परतताना त्यांनी आईची एक साडी व तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती बरोबर घेतली. ती साडी घडी करून ते उशाशी घेत असत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर ती साडी खादीची नाही हे ध्यानी आले, तेव्हा त्यांनी ती साबरमतीच्या प्रवाहात अर्पण केली. मूर्तीची पूजा आपल्या हातून आईसारखी रोज होणार नाही, म्हणून ती आश्रमातील एका श्रद्धावान भगिनीकडे नित्यपूजेसाठी सोपविली.

आईची एक मागणी मात्र पुरी व्हावयाची राहिली होती. सन १९१५ मध्ये बडोद्यास गीतेवर प्रवचने चालू असता रुक्मिणीबाई ती ऐकावयास जात; परंतु संस्कृत गीता त्यांना उमजेना. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने गद्य भाषांतर आणले, तेव्हा पद्य असते तर म्हणता आले असते, असे त्या म्हणाल्या. मग त्याने वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही त्यांना संस्कृताइतकीच अवघड वाटली. दुसरे काही उपलब्ध नाही, असे मुलाने सांगितल्यावर, मग तूच का करीत नाहीस, असे त्यांनी सहज विचारले. वीस वर्षांच्या त्या मुलाला हे काम झेपेल, असा विश्वास त्या दिवशी केवळ आईलाच वाटला असावा. पंधरा वर्षांनी, दिनांक ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबांनी लेखनास प्रारंभ केला व ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पूर्ण केले. सामान्य स्त्रीलाही कळावे म्हणून शब्दाशब्द पारखून घेतला. सन १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव त्यांनी 'गीताई' ठेवले. गीता आणि आई ही दोन्ही त्या एका शब्दात आली. पुढे घरोघर त्याच्या लाखो प्रती गेल्या. पण जिच्यासाठी ती लिहिली गेली, तिला ती वाचावयास मिळाली नाही.

दिनांक १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजन बांधवांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली आणि त्याच सभेत रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदानाची गंगा वाहू लागली. विनोबा १९६४ पर्यंत गावोगाव चालत राहिले. दानात ४० लाखांहून अधिक एकर जमिनीची नोंद झाली. त्यातील बरीच जमीन नापीक वा वादातील निघाली व पुष्कळशीचे वाटप होऊ शकले नाही, हेही खरे आहे. परंतु मालकीची भूमी केवळ मागितल्यावर इतक्या लोकांनी दिली, असे उदाहरण जगात विरळाच.

या यात्रेत, १९५३ च्या सप्टेंबरमध्ये बिहारमधील वैद्यनाथधाम येथे हरिजनांसह दर्शनास गेले असता विनोबांवर हल्ला झाला. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, अशी त्यांची इच्छा नव्हती. पाच वर्षांनी, मे १९५८ मध्ये सर्वोदय संमेलनानिमित्त ते पंढरपुरास आले. सर्वधर्मीय सहकाऱ्यांसह येण्याचे निमंत्रण त्यांना मंदिराच्या सेवेकऱ्यांकडूनच मिळाले होते. जेथे सर्वांना प्रवेश नाही तेथे आपण जावयाचे नाही, असा त्यांचा नेम असल्यामुळे ते आजवर विठोबाच्या दर्शनास गेलेच नव्हते. त्या दिवशी विटेवरील मूर्तीसमोर उभे असता त्यांच्या डोळ्यांतून अखंड अश्रुधारा वाहत होत्या.

दिनांक २५ मार्च १९५९ रोजी, म्हणजे गृहत्यागाच्या तिथीलाच, विनोबांनी पवनार येथे स्त्रियांच्या साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. वैराग्य काय ते दाखविण्याची संधी स्त्री म्हणून आईला लाभली नव्हती. ती येथे अनेकींना लाभली. दिनांक १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, विनोबांनी तेथेच देह ठेवला. वर्ध्यापासून सुमारे ८ कि.मी. अंतरावर, नागपूर मार्गालगत धाम नदीच्या तीरी हा आश्रम आहे. विदर्भाच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांनी तो अवश्य पाहावा. वर्ध्याजवळच गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. त्याला छप्पर नाही व आत मूर्ती नाही. उभ्या शिळांवर संपूर्ण गीताई कोरलेली असून, चालत चालत ती अथपासून इतिपर्यंत वाचता येते.